शिकाऊ मुलांचे कैवारी : संत जॉन बॉस्को

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. डॉन बॉस्को हे नाव मुंबईपासून गोव्यापर्यंत ठाऊक नाही असे कॅथलिक घर क्वचितच सापडेल. त्यांचे बालपणीचे स्वप्न, दोरावर चालून दाखविलेल्या कसरती, मुलांच्या घोळक्यातील त्यांची हसरी मूर्ती हे सर्व आपण धर्मशिक्षणाच्या वर्गापासून ऐकत आलो आहोत. तथापि त्यांच्या आयुष्याची एक बाजू व्यासपीठावरून फारशी सांगितली जात नाही. शाळा सुटलेल्या, कोणाचाही आधार नसलेल्या मुलाला कामधंदा शिकविणे, त्याला योग्य मालक शोधून देणे आणि त्या मालकाकडून लेखी करार करून घेणे, हे काम या धर्मगुरूने पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुरू केले. दहावीचा निकाल लागला की आपल्या धर्मग्रामांतील काही मुले अचानक दिसेनाशी होतात. ती ना शाळेत असतात, ना कामावर. त्यांच्या आईवडिलांची चिंता आम्ही जवळून पाहत असल्यामुळे या वर्षी संत जॉन बॉस्को यांचे चरित्र याच अंगाने वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

जॉन बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांतात, कास्तेलनुओवो गावाजवळील बेक्की या वाडीत झाला. वडील फ्रान्सिस हे शेतकरी होते. १८१७ साली न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले तेव्हा जॉन दोन वर्षांचाही नव्हता. आई मार्गरेटा हिच्या पदरी सासू, सावत्र मुलगा अँटनी आणि आपली दोन मुले, जोसेफ व जॉन, असा संसार होता. मार्गरेटा निरक्षर होती. परंतु घरात शिस्त, प्रार्थना आणि कष्ट यांत तिने कधी खंड पडू दिला नाही.

जॉनला शिकण्याची ओढ होती. पण शेतात राबणाऱ्या थोरल्या सावत्र भावाला पुस्तकांचा हा नाद खपत नसे. घरातला वाद विकोपाला गेला तेव्हा आईने काळजावर दगड ठेवून कोवळ्या वयाच्या जॉनला घराबाहेर पाठविले, आणि तो मोलिया नावाच्या शेतकरी कुटुंबाकडे गडी म्हणून राहिला. गुरे राखताना पुस्तक हाती धरणाऱ्या या मुलाला पुढे वृद्ध धर्मगुरू फादर कलोस्सो यांनी लॅटिन शिकवायला घेतले. पण १८३० साली तेही निवर्तले. आजच्या शालेय दप्तरात अशा मुलाच्या नावापुढे गळती हाच शेरा पडला असता.

पुढील वाट त्याने हाताने काम करीत काढली. कास्तेलनुओवो येथे शाळेत जात असताना तो एका शिंप्याच्या घरी राहिला व तेथे सुई-दोरा, काजे-बटणे, कापणी हे सर्व शिकला. लोहाराच्या भात्यापाशीही त्याने काही काळ काम केले. १८३१ साली तो किएरी या शहरातील शाळेत दाखल झाला तेव्हा त्याचे वय १६ होते आणि त्याला अगदी खालच्या वर्गात, लहान लहान मुलांच्या बाकावर बसविण्यात आले. उंच, अंगापिंडाने भरलेला हा शेतकऱ्याचा मुलगा त्या वर्गात कसा दिसला असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. लाज बाळगून तो घरी परतला नाही, एवढे मात्र खरे. फीसाठी आणि पोटासाठी त्याने शिकवण्या केल्या. एका कॉफीगृहात नोकरी केली, तेथे मिठाई व सरबते बनविणे शिकून घेतले, आणि जिन्याखालच्या अरुंद जागेत रात्री अभ्यास केला. हे शिक्षण कोणत्याही प्रमाणपत्रात नोंदले गेले नाही. परंतु पुढे वाल्दोक्को येथे पहिले जोडे शिवायला व पहिला सदरा बेतायला शिकविण्याची वेळ आली, तेव्हा हीच शिदोरी उपयोगी पडली.

१८३५ मध्ये त्यांनी सेमिनरीत प्रवेश केला आणि ५ जून १८४१ रोजी तुरीन शहरात त्यांना गुरुदीक्षा मिळाली. इटलीत धर्मगुरूंच्या नावामागे डॉन ही आदरार्थी उपाधी लावतात. म्हणून ते डॉन बॉस्को झाले.

तुरीन त्या काळी झपाट्याने वाढत होते. नव्या इमारती उठत होत्या, कारखाने निघत होते, आणि त्यांना स्वस्त हात हवे होते. डोंगराळ खेड्यांतून दहा-बारा वर्षांची मुले एकटीदुकटी शहरात येत. कोणी गवंड्याच्या हाताखाली चुना व विटा वाहत, कोणी धुराडी साफ करीत, कोणी बाजाराच्या चौकात मिळेल त्या कामाची वाट पाहत उभे राहत. काम मिळाले नाही की भीक, आणि भीक मिळाली नाही की चोरी. नवदीक्षित डॉन बॉस्को यांना त्यांचे मार्गदर्शक फादर जोसेफ कफास्सो यांनी शहरातील तुरुंगांत नेले. तेथे १२ ते १८ वर्षे वयाची धडधाकट, हुशार मुले उवा-पिसवांनी खाल्लेली, निरुद्योगी पडलेली त्यांनी पाहिली. त्यांना सर्वाधिक बोचली ती दुसरीच गोष्ट : सुटलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा त्याच कोठडीत दिसत. सुटकेच्या दिवशी तुरुंगाच्या दारात त्यांना घ्यायला कोणीच नसे. बाहेर आपलेपणाने वागणारा एखादा माणूस असता तर यांतली कितीतरी मुले परत आली नसती, असा निष्कर्ष त्यांनी काढला आणि आयुष्यभर त्यावरच काम केले.

८ डिसेंबर १८४१ हा दिवस सालेशियन परंपरेत आरंभदिन मानला जातो. असिसीकर संत फ्रान्सिस यांच्या मंदिरात डॉन बॉस्को मिस्सासाठी तयारी करीत होते. सक्रिस्तीत थंडीपासून आडोसा शोधत आलेला एक मुलगा उभा होता. मिस्साला सेवा करता येत नाही म्हणून मंदिरसेवकाने त्याला काठीने झोडपून हाकलले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलाविले. मुलाचे नाव बार्थोलोम्यू गारेल्ली, वय १६, धंदा गवंडीकाम, आईबाप वारलेले. लिहिता-वाचता येते का, गाता येते का, या प्रत्येक प्रश्नाला नकारच आला. शेवटी शीळ तरी वाजविता येते का, असे विचारताच तो हसला. त्या हसण्यातून ओळख झाली. एक नमो मरिया म्हणून धर्मशिक्षणाचा पहिला पाठ झाला. पुढच्या रविवारी तो आपल्या सोबत्यांना घेऊन आला.

रविवारी मुले जमत. प्रार्थना, मिस्सा, खेळ, गाणी असा कार्यक्रम चाले. याला ऑरेटरी म्हणत. परंतु आमच्या मते डॉन बॉस्को यांचे वेगळेपण रविवारपेक्षा सोमवारी अधिक दिसते. आठवड्याच्या इतर दिवशी ते स्वतः बांधकामांवर व कारखान्यांत जात, मुले कशी काम करतात ते पाहत, मालकांशी बोलत, बेकार झालेल्याला दुसरीकडे काम लावून देत. परातीवर गवंडी उभे आहेत आणि खाली झगा घातलेला धर्मगुरू बिगारी पोराची चौकशी करीत आहे, हे दृश्य त्या काळच्या तुरीनला चमत्कारिक वाटले असणार.

मुलांची संख्या शेकड्यांत गेली तशी अडचणही वाढली. गोंगाटाला कंटाळून एकामागून एक ठिकाणांहून त्यांना हलावे लागले. कधी गिरण्यांजवळ, कधी दफनभूमीच्या चॅपेलात, कधी उघड्या माळावर. एवढी उनाड पोरे एका धर्मगुरूमागे का फिरतात, असा संशय शहराचे प्रशासक मार्क्विस कावूर यांना आला व त्यांनी हे मेळावे बंद पाडण्याचा विचार केला. काही सहकारी धर्मगुरूंना तर डॉन बॉस्को यांच्या डोक्यावर परिणाम झाल्याचे वाटले, आणि त्यांना वेड्यांच्या इस्पितळात नेण्यासाठी घोडागाडीही आली. त्यांनी त्या पाहुण्यांनाच आधी गाडीत बसवून दार लावून दिले, ही हकीगत प्रसिद्धच आहे. अखेर १२ एप्रिल १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागातील पिनार्दी यांच्या मालकीची एक बुटकी पडवी मिळाली. उंची वाढावी म्हणून तिची जमीन खणून खाली घ्यावी लागली होती; तरीही पुढे महाबिशप भेटीस आले तेव्हा त्यांचा किरीट छताला लागला.

त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात डॉन बॉस्को जीवघेण्या आजारातून उठले, आणि ३ नोव्हेंबर रोजी आई मार्गरेटा गावचे घर सोडून मुलासोबत पायी तुरीनला आली. तिने आपले लग्नातले कपडे व दागिना मोडून वेदीची वस्त्रे आणि मुलांचे सदरे केले. आसरा दिलेल्या पहिल्या काही पोरांनी रात्रीतून पांघरुणेच पळविली. तरी मे १८४७ मध्ये पावसात चिंब भिजलेला एक पोरका गवंडी-मुलगा दारात आला, तेव्हा मार्गरेटाने स्वयंपाकघरातच विटा व फळ्या मांडून त्याची पथारी घातली. तो या घरातला पहिला कायमचा मुलगा. १८५६ साली देहावसान होईपर्यंत ती माउली शेकडो परक्या मुलांची आई होऊन राहिली.

दिवसभर राबणाऱ्या मुलांसाठी १८४५ च्या सुमारास संध्याकाळचे वर्ग सुरू झाले होते. तेथे वाचन-लेखन होतेच. पण डॉन बॉस्को यांचे लक्ष व्यवहाराकडे किती होते याचा एक पुरावा आम्हांस फार मोलाचा वाटतो. १८५० पासून त्या राज्यात दशमान मापे लागू व्हायची होती. जुनी मापे जाऊन मीटर व किलोग्रॅम आले की अडाणी कामगाराची मजुरीत व बाजारात फसगत होणार, हे ओळखून त्यांनी १८४९ साली दशमान पद्धतीवर सोपे पुस्तक लिहून छापले. धर्मगुरूने वजन-मापांवर पुस्तक लिहावे, हा आम्हांला त्यांच्या साधुत्वाचाच भाग वाटतो. १८५० मध्ये त्यांनी मुलांचे परस्पर साहाय्य मंडळही काढले. सभासदाने दर रविवारी एक सोल्दो हे लहानसे नाणे भरायचे आणि आजारी पडल्यास त्याला रोज ५० सेंतीम मिळायचे, असा नियम होता.

आता त्या करारपत्रांविषयी. मुलाला मालकाकडे चिकटवून दिले म्हणजे काम संपत नाही, हे डॉन बॉस्को यांना प्रत्यक्ष पाहून कळले होते. मालक शिकाऊ मुलाला धंदा शिकविण्याऐवजी घरची झाडलोट, पाणी भरणे, बाजारहाट यांतच जुंपत, हात उगारत, रविवारीही सोडत नसत. म्हणून त्यांनी मुलाच्या वतीने मालकांशी लेखी करार करण्यास सुरुवात केली. नोव्हेंबर १८५१ मधील काचकामाच्या शिकाऊ मुलाचा आणि फेब्रुवारी १८५२ मधील सुतारकामाच्या शिकाऊ मुलाचा, असे दोन करार आज विशेष प्रसिद्ध आहेत. दुसरा तर रीतसर मुद्रांकित कागदावर आहे. त्यांवर मालक, मुलगा आणि डॉन बॉस्को यांच्या सह्या आहेत. सुताराच्या करारात मुलाच्या बापाचीही जबाबदारी नोंदविलेली आहे.

त्यांतील अटी वाचकांनी लक्षपूर्वक पाहाव्यात. मालकाने ठरावीक मुदतीत मुलाला पूर्ण धंदा शिकवावा. सुताराच्या करारात ही मुदत २ वर्षांची आहे. धंद्याशी संबंध नसलेले काम त्याला सांगू नये. चुकल्यास तोंडी समज द्यावी, मारहाण करू नये. रविवार व सण मोकळे ठेवावेत. मुलगा तयार होईल तसतसा त्याचा रोज टप्प्याटप्प्याने वाढवावा. काचकामाच्या करारात वर्षातून १५ दिवस सुटीही आहे. दुसऱ्या बाजूने मुलाने आज्ञाधारक व मेहनती राहण्याचे वचन दिले आहे, आणि त्याच्या वर्तनावर लक्ष ठेवण्याचे डॉन बॉस्को यांनी अंगावर घेतले आहे. म्हणजे मालकालाही एक जामीन मिळत होता. केवळ दयेपोटी कोणी अनोळखी पोर कामावर ठेवीत नाही, हे या धर्मगुरूने नीट जाणले होते.

योगायोग असा की ब्रिटिश हिंदुस्थानातही १८५० सालीच शिकाऊ मुलांना कराराने बांधून देण्याचा कायदा झाला होता आणि तोही मुख्यतः अनाथ व गरीब मुलांसाठी होता. स्वतंत्र भारतात १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने लेखी करार, त्याची नोंदणी आणि विद्यावेतन या गोष्टी बंधनकारक केल्या. असे असूनही ओळखीच्या गॅरेजमध्ये किंवा वर्कशॉपमध्ये मुलाला टाकताना आपल्याकडे किती पालक कागद मागतात? कायदा ज्या जागांना लागू होत नाही अशा छोट्या दुकानांची गोष्ट तर दूरच. तेथे मुलगा दोन वर्षे फक्त चहा आणतो आणि पाने उचलून देतो, अशी तक्रार आमच्या कानांवर अनेकदा आली आहे.

करार करूनही बाहेरच्या कारखान्यांतील वातावरण सुधारत नव्हते. शिव्या, मद्यपान, वाईट संगत यांतून मुलगा संध्याकाळी परत येई तो निराळाच होऊन. म्हणून १८५३ मध्ये डॉन बॉस्को यांनी वाल्दोक्को येथेच जोडे शिवण्याची व शिवणकामाची शाळा घातली. जागा म्हणजे एक बोळ आणि एक जुने स्वयंपाकघर. १८५४ मध्ये पुस्तकबांधणी, १८५६ मध्ये सुतारकाम, १८६१-६२ मध्ये छापखाना आणि १८६२ मध्ये लोहारकाम अशी भर पडत गेली. पुस्तकबांधणीचा आरंभ कसा झाला याची एक गमतीची आठवण सांगतात. बांधणी कोणालाच येत नव्हती. डॉन बॉस्को यांनी छापील पाने घेतली, घड्या घातल्या, सुईदोऱ्याने शिवली, मार्गरेटाने पिठाची खळ करून दिली, आणि सर्वांच्या हसण्याखिदळण्यात पहिले पुस्तक तयार झाले.

हे सर्व सुरळीत चालले असे मात्र नव्हे. शिकवायला कारागीर आणायचे कोठून, या प्रश्नाने त्यांना अनेक वर्षे छळले. पगारी कारागीर ठेवले तर ते कामापुरतेच लक्ष देत. सर्व कारभार त्यांच्यावर सोपविला तर ते मुलांना नोकरासारखे राबवीत. नफ्यात भागीदारी देऊन पाहिली, तर लवकर पैसा देणारी कामेच पुढे आली आणि शिकविणे मागे पडले. प्रत्येक वेळी मोडून पुन्हा नवी घडी बसवावी लागली. अखेरीस उत्तर मिळाले ते सालेशियन संघातील व्रतस्थ बंधूंच्या रूपाने : गुरुदीक्षा न घेता सुतार, जुळारी, शिंपी म्हणून काम करणारे आणि तोच आपला धर्मसेवेचा मार्ग मानणारे पुरुष. मुलांसोबत जेवणारा, खेळणारा, प्रार्थना करणारा आणि त्याच हाताने रंधा धरायला शिकविणारा गुरू त्यांच्यातून तयार झाला. आपल्या तांत्रिक शाळांत यंत्रे येतात, इमारती उभ्या राहतात. परंतु असा शिक्षक मिळणे आजही सर्वांत कठीण आहे, हे चालविणाऱ्यांना विचारावे.

विवेक, धर्मश्रद्धा आणि वात्सल्य या तीन आधारांवर त्यांची पद्धत उभी होती. गुन्हा झाल्यावर शिक्षा करण्याऐवजी गुन्हा घडूच नये इतके मुलांच्या जवळ राहणे, असा तिचा अर्थ. १८७७ साली त्यांनी ती थोडक्यात लिहूनही ठेवली. १८५५ मध्ये तुरीनच्या बालतुरुंगातील सुमारे ३०० मुलांना ते पहारेकऱ्यांशिवाय दिवसभराच्या सहलीला घेऊन गेले आणि संध्याकाळी एकूणएक मुलगा परत आला, असे सालेशियन परंपरा सांगते. त्यासाठी मंत्री रात्ताझ्झी यांची परवानगी होती. हे मंत्री धर्मसंघांविरुद्धच्या कायद्यासाठी ओळखले जात. परंतु मुलांच्या प्रश्नावर डॉन बॉस्को कोणाच्याही दारात जाण्यास कचरत नसत.

पुढील इतिहास वाचकांना बहुधा परिचित असेल. १८ डिसेंबर १८५९ रोजी सालेशियन संघाची स्थापना झाली, १८७४ मध्ये त्याच्या नियमावलीला रोमची मान्यता मिळाली. १८७२ मध्ये संत मरिया माझ्झारेल्लो यांच्या साथीने मुलींसाठी भगिनींचा संघ निघाला. १८७५ मध्ये पहिले मिशनरी अर्जेंटिनास रवाना झाले.

१८८४ च्या तुरीन येथील राष्ट्रीय प्रदर्शनाचा प्रसंग मात्र सांगितला पाहिजे. डॉन बॉस्को यांनी तेथे एक दालन घेतले होते. कागद तयार होण्यापासून छपाई व बांधणी होऊन पुस्तक हातात येईपर्यंतचे सारे काम त्यांची मुले लोकांसमोर प्रत्यक्ष करून दाखवीत होती. पाहायला गर्दी लोटे. परीक्षकांनी रौप्यपदक दिले. परंतु वृद्ध, थकलेल्या डॉन बॉस्को यांना ते मान्य झाले नाही, व त्यांनी सभ्य शब्दांत लेखी हरकत नोंदविली. नम्रतेचा पुतळा म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्यांनी पदकासाठी भांडावे, याचे काहींना नवल वाटेल. आम्हांला ते मुळीच वाटत नाही. रस्त्यावरून उचललेल्या मुलांचे काम हे दानधर्माचे कौतुक म्हणून पाहिले जावे हे त्यांना नको होते. ते कारागिरी म्हणून तोलले जावे, एवढाच त्यांचा आग्रह होता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८८६ च्या संघसभेत शिकाऊ मुलांच्या शिक्षणाची दिशा ठरविण्यात आली : धार्मिक व नैतिक घडण, बौद्धिक शिक्षण आणि धंद्याचे शिक्षण, तिन्ही एकत्र. नुसते हात तयार करून भागत नाही, कामगाराला वाचता-लिहिता, हिशेब करता आणि आपले हक्क समजता आले पाहिजेत, हा विचार तेथे पक्का झाला. आपल्याकडे १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसणाऱ्या आणि दिवसा कामावर जाणाऱ्या मुलामुलींना याचे मोल वेगळे सांगायला नको.

३१ जानेवारी १८८८ च्या पहाटे, वाल्दोक्को येथील त्या घरातच, वयाच्या ७२ व्या वर्षी डॉन बॉस्को प्रभुचरणी विलीन झाले. १ एप्रिल १९३४ रोजी, ईस्टरच्या दिवशी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. १९५८ मध्ये पोप बारावे पायस यांनी त्यांना इटलीतील शिकाऊ कामगारांचे आश्रयदाते संत म्हणून जाहीर केले.

त्यांचे अनुयायी १९०६ मध्ये तंजावरला, १९२८ मध्ये मुंबईस आणि १९४६ मध्ये गोव्यात आले. मुंबईत माटुंग्याची शाळा सर्वांना ठाऊक आहे. कुर्ल्याच्या तंत्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेले फिटर, टर्नर आणि यंत्रकारागीर मात्र फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाहीत. येत्या सणाच्या दिवशी आपल्या धर्मग्रामात मिस्सानंतर जे कार्यक्रम होतील, त्यांत बक्षिसे मिळविणाऱ्या विद्यार्थ्यांबरोबर यंदा उमेदवारी पूर्ण केलेल्या एखाद्या वेल्डरला किंवा इलेक्ट्रिशियनलाही मंचावर बोलवावे, आणि तो कोणाच्या हाताखाली, कोणत्या अटींवर शिकला हे त्याला विचारावे, अशी आमची सूचना आहे. मंचासमोर बसलेल्यांत शाळा सुटलेला एखादा मुलगा नक्कीच असेल.